‘कुठेतरी’ हा पत्ता नव्हे

परवा माझी भाची पुण्याहून आली होती. सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आली आणि दारातच थबकली. मी संगणकावर ती काळी खिडकी उघडून बसले होते. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसत्या काळ्यावर पांढऱ्या ओळी.

"मावशी, हे काय गं? हॅकिंग-बिकिंग शिकतेस की काय या वयात?"

तिचे यजमान मागून आले. त्यांनी चष्मा वर करून ओळी वाचल्या आणि म्हणाले, "मावशी, छापील मजकूर टाइप करून हवाय ना? मग हे कशाला? फोनने फोटो काढा, अक्षरं निवडा, झालं. दोन मिनिटांचं काम."

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पाहुण्यांसमोर वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. खरंच, पंच्याहत्तरीला आलेल्या मराठी घेऊन बीए झालेल्या बाईने हा उद्योग का करावा? उत्तर थोडं लांबचं आहे. वाचक मित्रहो आणि घरची मंडळी, जरा धीराने वाचा.

सुरुवात २०१९ पासून करावी लागेल. त्या वर्षी हे गेले. शेवटची दोन वर्षं यांना एक छंद लागला होता. अमेरिकेतल्या नातीसाठी फोनवर गोष्टी सांगून ठेवायच्या. स्वतःच्या लहानपणच्या, गावाकडच्या, नदीच्या, शाळेतल्या मास्तरांच्या. मी स्वयंपाकघरात असायचे आणि बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज यायचा. वीस-बावीस गोष्टी तरी झाल्या असतील. "नात मोठी झाली की ऐकेल" म्हणायचे.

मध्येच तो फोन बिघडला, नवा घेतला. हे गेल्यावर महिनाभराने मुलाने तिकडून विचारलं, "आई, बाबांच्या त्या गोष्टी पाठवतेस?" मी नवा फोन उघडला. गोष्टी नाहीत. जुना फोन दुकानात देऊन टाकलेला. त्यातलं छोटं कार्ड मात्र माझ्याकडे होतं. त्यात फोटो निघाले, गोष्टी नाहीत. कोणी म्हणालं, इंटरनेटवर आपोआप चढल्या असतील. कोणत्या खात्यात? कोणत्या नावाने? जो तो एकच सांगायचा, "काळजी करू नका, असतील कुठेतरी."

असतीलही. पण ‘कुठेतरी’ हा पत्ता नव्हे. ज्या वस्तूचा पत्ता आपल्याला सांगता येत नाही ती वस्तू आपली राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. चूक कोणा दुकानदाराची नव्हती. यांनी बटण दाबलं, आवाज साठला, पण तो कोणत्या जागी साठला हे यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. फोनने आपण होऊन सांगितलं नाही. तो सांगतच नाही, हाच माझा मुख्य मुद्दा आहे.

असो.

आता दुसरी गोष्ट. माझ्या वडिलांनी १९७५ साली एक छोटं पुस्तक स्वखर्चाने छापून घेतलं होतं. निजामाच्या राज्यात ते शिकले आणि मग शिक्षक झाले. शाळेत उर्दू आणि घरी मराठी असा तो काळ. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यातल्या मुलाला मराठी नीट शिकायचं तर त्यासाठी वेगळी खटपट करावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-बारा वर्षांच्या शाळांच्या आठवणी वडिलांनी लिहिल्या. अठ्ठ्याऐंशी पानं. त्यात पुढारी नाहीत, लढाई फारशी नाही. आहेत ती मुलं, पाट्या, फळा नसलेले वर्ग, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात चालणारी मराठीची शिकवणी.

त्या पुस्तकाची एकच प्रत आता उरली आहे, माझ्याकडे. मुखपृष्ठ गेलंय. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. यांच्या आवाजाचं जे झालं ते वडिलांच्या अक्षरांचं होऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

माझा एक जुना विद्यार्थी झेरॉक्स आणि डीटीपीचं काम करतो. त्याच्याही केसांत आता पांढरं दिसतं. तो म्हणाला, "बाई, मी टाइप करून देतो, पैशांचं सोडा." मी म्हटलं, "नको रे. तू टाइप करशील, फाईल तुझ्याकडे राहील, मी पुन्हा ‘कुठेतरी’ म्हणत बसेन. मला करायला शिकव." तेव्हा त्याने मला टेसरॅक्ट या साधनाचं नाव सांगितलं.

टेसरॅक्ट म्हणजे छापील पानाचं चित्र वाचून त्याची अक्षरं करून देणारा प्रोग्रॅम. १९८५ च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत त्याचं काम सुरू झालं, २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला गेला, पुढे २००६ पासून बरीच वर्षं गूगलने तो वाढवला. २०१८ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून तो अक्षरं सुटी सुटी न ओळखता आख्खी ओळ वाचायला शिकला. फुकट आहे, इंटरनेट नसतानाही चालतो, मराठी वाचतो. पण त्याला बटणं नाहीत. त्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावा लागतो. आधी साधनाचं नाव, मग चित्राचं नाव, मग उत्तर कोणत्या नावाने ठेवायचं ते, आणि शेवटी भाषा कोणती ते.

मी पहिल्याच दिवशी भाषा सांगायला विसरले. न सांगितलं तर तो इंग्रजी समजतो. वडिलांच्या पहिल्या पानाचं त्याने जे काही केलं ते पाहून मी पोट धरून हसले. इंग्रजीच्या मास्तरांना मराठीचे पेपर तपासायला बसवावं आणि त्यांनी न कुरकुरता सगळे तपासून द्यावेत, तसा प्रकार. जिथे तिथे इंग्रजी अक्षरांचा पाला.

दुसऱ्या दिवशी भाषा सांगितली. मराठीसाठी तीन अक्षरांची खूण आहे, एम-ए-आर. एंटर दाबलं आणि चार ओळींचा इंग्रजी निरोप आला. मी घाबरून खिडकी बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा तेच. तीन दिवस मी हेच केलं. शेवटी विद्यार्थ्याला फोन लावला.

"बाई, काय लिहिलंय त्यात?"

"अरे, काहीतरी एरर आहे."

"बाई, वाचा की जरा ते. तुम्हीच सांगायच्या ना, प्रश्न दोनदा वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही म्हणून."

खरं सांगते, मला लाज वाटली. चौतीस वर्षं मी मुलांना हेच ओरडून सांगितलं आणि स्वतः मात्र प्रश्न न वाचता पेपर कोरा ठेवून आले. मग चष्मा पुसून शांतपणे वाचलं. तो निरोप अगदी सभ्य होता. मराठीची माहिती असलेली फाईल अमुक जागी उघडायला गेलो, तिथे ती नाही, तुम्ही ती कोणत्या फोल्डरात ठेवली आहे ते अमुक नावाच्या पाटीवर नीट लिहिलंय का बघा, म्हणून मला कोणतीच भाषा उघडता आली नाही. एवढंच. कुठे शोधलं तेसुद्धा पूर्ण पत्त्यासह लिहिलेलं! आपल्याकडच्या किती कार्यालयांत अर्ज परत करताना इतकं स्पष्ट कारण मिळतं?

आणि फाईल कुठे होती? मी ती इंटरनेटवरून उतरवली होती, तीही दोनदा. त्यामुळे दुसऱ्या प्रतीच्या नावापुढे कंसात एक असा आकडा लागला होता, आणि दोन्ही प्रती डाउनलोडच्या फोल्डरात लोळत पडल्या होत्या. म्हणजे भाजी आणली होती, पण पिशवी दारातच ठेवून मी स्वयंपाकघरात "भाजी कुठाय" म्हणून शोधत होते.

इथून पुढे मला हा विषय कळायला लागला, आणि सांगायला गंमत वाटते, तो कळला तो आपल्या गावामुळे.

आपल्या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. आता सगळे उभे नाहीत, पण जे आहेत त्यांची नावं बघा. दिल्ली दरवाजाचं तोंड दिल्लीच्या वाटेकडे, पैठण दरवाजा पैठणच्या वाटेवर. म्हणजे दरवाजाचं नाव हाच पत्ता. आणि पैठण गेटकडून गुलमंडीकडे जाणारा रस्ता? टिळक पथ! संगणकवाले ज्याला ‘पाथ’ म्हणतात तो आपला पथच. बाहेरच्या वेशीपासून वस्तूपर्यंत पोचायची वाट. मोठ्या कपाटाचं नाव, त्यातल्या कप्प्याचं, त्यातल्या डब्याचं, आणि शेवटी वस्तूचं. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो उलटा, आधी नाव, घर, गल्ली आणि शेवटी गाव. संगणक आधी गाव विचारतो, नाव शेवटी.

वाट दोन प्रकारे सांगता येते. एक वेशीपासूनची पूर्ण वाट. दुसरी, "इथून सरळ जा, मग डावीकडे". दुसरी आखूड असते, पण ऐकणारा कुठे उभा आहे हे ठाऊक असेल तरच ती खरी. गुलमंडीवर उभ्या असलेल्याला सांगितलेली वाट सिडकोत उभ्या असलेल्याला सांगितली तर तो भलत्याच दारात जाईल. त्या काळ्या खिडकीतही आपण सतत कोणत्या ना कोणत्या फोल्डरात उभे असतो. माझे निम्मे घोटाळे मी कुठे उभी आहे हे न पाहिल्याने झाले.

मग ती पाटी. तिला एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल असं भारदस्त नाव आहे. मी तिला घरातली पाटी म्हणते. ‘किल्ली देवळीत आहे’ असं एकदा सगळ्यांना सांगून ठेवलं की येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं सांगावं लागत नाही. टेसरॅक्ट भाषेची फाईल शोधताना आधी बघतो, आत्ताच्या हुकमातच जागा सांगितली आहे का. नसेल तर घरातली पाटी वाचतो. तीही नसेल तर बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून दिलेल्या जागी जातो. आमची आई शेजारून मागायला आलेल्या मुलीला अगदी असंच सांगायची, "आधी मांडणीवर बघ, नसलं तर फडताळात, नाहीतर कोठीत." क्रम महत्त्वाचा. पहिल्या जागी शिळं काही सापडलं तर कोठीतलं ताजं कोणाला दिसणारच नाही.

पाटीचीही फजिती झालीच. मी पाटी बदलली, पण काळी खिडकी तीच उघडी ठेवली. ती जुनंच बोलत राहिली. कारण उघडी असलेली खिडकी पाटी आत येतानाच वाचून बसलेली असते. पाटी बदलली की खिडकी बंद करून नवी उघडायची. शिवाय इंटरनेटवर एके ठिकाणी लिहिलेलं की पाटीवर ‘टेसडेटा’ या फोल्डराच्या बाहेरच्या फोल्डराचं नाव लिहा, दुसरीकडे लिहिलेलं की खुद्द ‘टेसडेटा’चंच लिहा. दोन्ही खरं! पहिलं तिसऱ्या आवृत्तीपर्यंत, दुसरं चौथीपासून. सांगणाऱ्याने आवृत्ती लिहिली नाही की ऐकणाऱ्याचा असा बळी जातो. ‘ध’चा ‘मा’ व्हायला आनंदीबाईच लागते असं नाही.

मग मी हौसेने भाषेची फाईल स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात ठेवली आणि पाटीवर तो पत्ता लिहिला. मराठी वाचू लागला! डोळ्यांत पाणी आलं हो. वडिलांचं पहिलं वाक्य त्या काळ्या खिडकीतून निघालेल्या फाईलीत, जवळजवळ जसंच्या तसं. पण मला शोध घेता येईल अशी पीडीएफही हवी होती, ती काही होईना. निरोप आला (या वेळी मी वाचला) की पीडीएफची सूचना असलेली फाईल उघडत नाही. झालं असं की त्या सूचनांच्या फाईली जुन्या ‘टेसडेटा’मध्येच राहिल्या होत्या. नव्या घरी संसार हलवला, पण मिसळणाचा डबा जुन्या घरीच! मग आख्खं फोल्डर हलवलं तेव्हा जमलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मी फोल्डराला प्रेमाने ‘बाबांचं पुस्तक’ असं नाव दिलं होतं. हुकमात ते लिहिलं की साधनापर्यंत पोचेपर्यंत त्याची नुसती प्रश्नचिन्हं होत. विद्यार्थ्याने कारण सांगितलं. जुन्या पद्धतीने बांधलेले प्रोग्रॅम ज्या अक्षर-तक्त्यांतून नाव वाचतात, त्या तक्त्यांत देवनागरीला कधी जागाच मिळाली नाही. ती आली थेट युनिकोडमध्ये. लिनक्सवर ही अडचण सहसा येत नाही म्हणे. म्हणजे बघा, पानावरची मराठी त्याला वाचता येते, पण त्या पानाचा पत्ता मराठीत लिहिला तर घर सापडत नाही. वडिलांच्या काळची शाळा आठवली. मुलगा मराठी, हजेरीचं रजिस्टर दुसऱ्या लिपीत.

शेवटी फोल्डराचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आणि मधली मोकळी जागाही काढली. मोकळी जागा ठेवली तर पूर्ण वाट अवतरणचिन्हांत घालावी लागते, नाहीतर संगणक त्याचे दोन तुकडे समजतो. अवतरणचिन्हाचं महत्त्व मी किती वर्गांना शिकवलं असेल! एकाही मुलाला त्याचा हा उपयोग सांगितला नव्हता. पानांना क्रमांक देताना ‘एक’ न लिहिता ‘शून्य एक’ लिहायचं हेही कळलं, नाहीतर एकच्या मागे दहा येतं आणि दोन बिचारं कुठच्या कुठे जातं.

आता नावांचा विषय निघालाच आहे तर. माझ्या बीएच्या पदवीवर ‘मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद’ असं छापलेलं आहे. १९९४ मध्ये विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं आणि २०२३ मध्ये गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा हेच गाव खडकी होतं, मध्ये काही काळ फतेहनगर होतं. पदवीवरची दोन्ही नावं बदलली तरी माझी पदवी रद्द झाली नाही. जुन्या नावाने पाठवलेलं पत्रही पोस्टमन आणून देतो. एक तर त्याला माहीत असतं, आणि दुसरं म्हणजे ४३१००१ हा पिनकोड तोच आहे. माणसांना आठवण असते.

संगणकाला ही आठवण नाही. मी एका रविवारी उत्साहाने फोल्डराचं नाव बदललं आणि सगळं ठप्प झालं. पाटीवर जुनं नाव, हुकमाच्या जतन केलेल्या ओळीत जुनं नाव, आणि सांगायला पोस्टमन नाही. नाव बदलायला हरकत नाही. पण जिथे जिथे जुनं नाव लिहिलेलं आहे त्या जागांची यादी आधी हाताशी हवी. गावाला जे शेकडो लोकांच्या आठवणीने तारलं, ते इथे आपल्या वहीने तारायचं.

आता भाचीच्या यजमानांचा प्रश्न. फोनने दोन मिनिटांत होतं, मग हे कशाला? त्यांचं म्हणणं खोटं नाही. लग्नपत्रिका वाचायची असेल, औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचायचं असेल तर मीही फोनच वापरते. एका पानासाठी काळी खिडकी उघडणं म्हणजे चहासाठी चूल पेटवणं. पण इथे अठ्ठ्याऐंशी पानं आहेत. प्रत्येकाचा फोटो, अक्षरं निवडणं, दुसरीकडे चिकटवणं, क्रम सांभाळणं. आणि शेवटी ते सगळं कुठे आहे? "असेल कुठेतरी." पुन्हा तेच.

काळ्या खिडकीचा त्रास असा की ती पत्ता विचारल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. आणि तिचा गुणही हाच. चित्र कुठून घेऊ, उत्तर कुठे ठेवू, भाषा कोणती, पानाची मांडणी कशी, हे सगळं तुम्हाला तोंडाने सांगावं लागतं. सांगावं लागतं म्हणून माहीत होतं. माहीत होतं म्हणून लिहून ठेवता येतं. आणि लिहून ठेवलं की माझ्या मागे दुसरं कोणी तेच काम तसंच पुन्हा करू शकतं. फोन आपल्यावर उपकार करतो आणि पत्ता स्वतःजवळ ठेवतो.

कोणी म्हणेल, बाई, आजकालच्या मुलांना याची गरज नाही, शोधलं की सापडतं. मी शेजारच्या दहावीतल्या मुलीला विचारलं, "तुझा प्रकल्प कुठे ठेवलास गं?" ती म्हणाली, "फोनमध्ये." फोनमध्ये कुठे? "ॲपमध्ये." म्हणजे तिलाही गावाचं नाव ठाऊक आहे, गल्ली ठाऊक नाही. ही मुलगी हुशार आहे हो. यंत्राने तिला गल्ली दाखवलीच नाही, तर ती काय करणार? आमच्या पिढीला संगणक येत नाही म्हणून हसतात, पण ट्रंकेत कोणत्या घडीखाली कोणता कागद आहे हे आमच्या आया अंधारात सांगायच्या. ते ज्ञान अडाणीपणाचं नव्हतं.

म्हणून माझं मत असं. शाळेत संगणकाच्या तासाला चित्रं रंगवायला शिकवण्याआधी एक धडा वाटेचा शिकवावा. फाईल कुठे आहे, मी कुठे उभी आहे, तिथपर्यंत कसं जायचं, नाव बदललं तर काय काय बदलावं लागतं. मराठीत शिकवावा, आपल्या गावाचा नकाशा फळ्यावर काढून. चाळीस मिनिटांत होतो. दुसरं, ज्यांना हे येतं त्यांनी मराठीत लिहावं, आणि लिहिताना आवृत्ती आणि तारीख घालावी. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, घराघरात एक वही असावी. बँकेची, विम्याची वही असते, तशी या वस्तूंची. फोटो कुठे, आवाज कुठे, कागद कुठे. पूर्ण वाट, वेशीपासून. ‘फोनमध्ये’ असं लिहायचं नाही.

माझी वही झाली आहे. साधी, दोनशे पानी, निळ्या कव्हरची. पहिल्या पानावर वडिलांच्या पुस्तकाचा पत्ता आहे. चित्रं कोणत्या फोल्डरात, मजकूर कोणत्या, पीडीएफ कोणत्या. टेसरॅक्टची आवृत्ती कोणती, पाटीवर काय लिहिलं आहे, हुकूम अक्षर न अक्षर कसा होता. पानाची मांडणी सांगणारा आकडा बहुतेक पानांना सहा दिला, म्हणजे ‘हा एकसंध मजकूर आहे’. कोष्टक असलेल्या चार पानांना तो चालला नाही, तीही टीप लिहिली. चित्रं इंचाला तीनशे ठिपक्यांनी घेतली, कमी घेतली तेव्हा ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होत होता. या सगळ्याच्या तीन प्रती आहेत. एक इथे, एक मुलाकडे, एक त्या विद्यार्थ्याकडे. कोणाकडे कोणत्या फोल्डरात, तेही लिहिलंय.

अठ्ठ्याऐंशीही पानांचा मजकूर निघाला. आता मी रोज दोन पानं मूळ प्रतीशी ताडून दुरुस्त करते. घाई नाही. कधी कधी यंत्राने चुकून लिहिलेला शब्द दुरुस्त करताना वडील शेजारी बसून शुद्धलेखन तपासताहेत असं वाटतं. येत्या १७ सप्टेंबरला घरातल्या सगळ्यांना ते पुस्तक पाठवीन. सोबत त्या वहीचं पहिलं पानही पाठवीन, ते पुस्तकापेक्षा कमी समजू नका.

वहीचं दुसरं पान मी यांच्या गोष्टींसाठी राखून ठेवलं आहे. वर नाव लिहिलंय, ‘गोष्टी, आवाजात’. खाली पत्त्याची ओळ मोकळी आहे. घरातल्या कोणाला यांनी त्यातली एखादी कधी पाठवली असेल, तर आपापल्या फोनमध्ये जरा शोधा. आणि सापडली तर नुसतं "सापडली" म्हणू नका. कुठे सापडली तेही कळवा.